बाहेरची लांबी

आशुतोषला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्याचे फक्त पाय दिसले.

निळे मोजे. डाव्या अंगठ्याजवळ बारीकसं भोक. बूट शोरूमच्या फरशीवर नीट जोडून ठेवलेले आणि बुटांचा मालक गाडीच्या मागच्या भागात, सामान ठेवतात तिथे, चक्क आडवा झालेला. मे महिन्यातली दुपार होती, बाहेर हायवे भाजत होता. नुसत्या एसीसाठी आत येऊन बसणारे आमच्याकडे बरेच असतात, पण झोपायला आजवर कोणी आलं नव्हतं.

“सर,” मी म्हटलं, “झोप झाली असेल तर पाणी आणू?”

आतून कर्रर्र आवाज आला. टेप मिटल्याचा. मग डोकं वर आलं... केस विस्कटलेले, चष्मा एकाच कानावर, तोंडात पेन्सिल.

“पाच फूट सहा,” पेन्सिल काढत तो म्हणाला. “मागच्या सीट पाडल्या तर. म्हणजे वहिनी आडव्या होऊ शकतील ना?”

“वहिनींची उंची किती?”

“पाच-एक.”

“मग होतील की. पण वहिनींना तुम्ही सामानात का घालताय?”

तो हसला. आवाज न करता, नुसते खांदे हलवून. मी चार वर्षं गाड्या विकतेय, गिऱ्हाईक हसलं म्हणून माझं काही अडत नाही. त्या दिवशी मात्र मी हातातला माहितीचा कागद उलटा धरला होता, हे मला पाच मिनिटांनी कळलं.

माझ्याबद्दल सांगायचं तर मी रंजिता मढवी, शिरवण्याची. पप्पांचे दोन टेम्पो होते, पावण्याच्या कारखान्यांचा माल वाहायचे. आमच्याच अंगणात त्या टेम्पोवर मी स्टिअरिंग धरायला शिकले. शोरूममधल्या बाकीच्या मुली आधी गाडीचा रंग दाखवतात, मी आधी अकरा प्रश्न विचारते. ते माझे स्वतःचे, कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेले नाहीत. त्यांची उत्तरं मिळेपर्यंत मी दारसुद्धा उघडून दाखवत नाही, आणि त्यामुळे माझं गिऱ्हाईक चुकीची गाडी घेऊन कधी घरी जात नाही, असा माझा गर्व होता. होता, म्हणतेय मी.

“घरात माणसं किती?”

“पाच,” तो म्हणाला. मग बोटं मोजून, “सात. ऑगस्टपासून.”

“एकदम दोन?”

“वहिनींना जुळं आहे. दादा बोटीवर असतो, डिसेंबरमध्ये येईल. तोवर आई, बाबा, वहिनी... सगळं माझ्याकडे.”

म्हणजे याच्या पदरी स्वतःचं कोणी नाही, हे मी मनातल्या मनात नोंदवलं. अकरा प्रश्नांत तो प्रश्न नव्हता.

“गाडी जास्त कुठे चालणार?”

“नेरूळ ते पावणे. तिथे व्हॉल्व्हच्या फॅक्टरीत क्वालिटी बघतो मी. दिवसभर मोजत असतो, म्हणून ही सवय.” त्याने टेप खिशात घातली. “आणि गाव. पोलादपूरच्या वर. शेवटचा दीड किलोमीटर लाल मातीचा चढ आहे. शिमग्याला आमची छोटी गाडी तिथून मागे घसरली. फणसाला अडकली म्हणून वाचलो. बाबा ढकलायला उतरले होते, त्यांची पाठ तेव्हापासून धरलेली आहे. वहिनी गाडीत होत्या.”

तो चष्मा पुसायला लागला.

“आईचं म्हणणं, बाळांना सव्वा महिना झाला की पहिलं दर्शन कुलदेवीचं. त्या चढावर गाडी परत मागे येताना मला बघायची नाही. म्हणून चारही चाकांची पाहिजे.”

मग मी उरलेले प्रश्न जरा हळू आवाजात विचारले.

चारही चाकं ओढणाऱ्या आमच्याकडे दोन गाड्या होत्या. एक आखूड आणि उंच. दुसरी लांबलचक, वॅगनच्या धाटणीची, तीन रांगांची, जिच्यात हा पडला होता ती. टेस्ट ड्राइव्ह हायवेवर सगळेच देतात, मी त्याला तुर्भ्याच्या जुन्या खदानीच्या वाटेवर नेलं. मोकळी खडी, खड्डे, अंगावर येणारा चढ.

“चारही चाकांना ताकद म्हणजे नक्की काय होतं?” त्याने विचारलं.

“एक घसरलं तर बाकीची तिघं ओढून नेतात.”

“एकत्र कुटुंबासारखं.”

“तुमच्याकडे असेल तसं. आमच्याकडे एक घसरलं की बाकीचे आधी चौकशी करतात, कसा घसरलास.”

परत खांदे हलले. मी आरशात पाहिलं, तो बाहेर बघत होता. मी रस्त्याकडे पाहिलं, तर तो आरशात बघत होता.

आखूड गाडी चढ चढली, पण मागे बसून त्याचे गुडघे हनुवटीला लागले. लांब गाडी चढली तेव्हा तो सगळ्यात मागच्या रांगेत जाऊन बसला आणि तिथून ओरडून म्हणाला, “इथे जुळं रडलं तर पुढे ऐकू येईल का?”

“तुमचं आत्ता येतंय की!”

येताना मी गाडी आमच्या गावातून घातली. खरं तर तो लांबचा रस्ता.

“ते आमचं घर. त्या अंगणात पप्पांचे टेम्पो असायचे, विकले. अर्धं नेरूळ पार्किंगला ती जागा मागतं, पप्पा कोणाला देत नाहीत.”

“का?”

“म्हणतात, शेत गेलं, मिठागर गेलं, एवढा तुकडा तरी मोकळा राहू दे.”

त्याने खिशातून छोटी डायरी काढली आणि काहीतरी लिहिलं. गाडी किती ॲव्हरेज देते ते लिहीत असेल, असं मला वाटलं.

मग अख्खं घर बघायला आलं. वडील नंदकुमारकाका प्रत्येक सीटवर दोन दोन मिनिटं डोळे मिटून बसले आणि पाठीला विचारून निर्णय सांगितला. आई, स्मिताकाकू, दोन पाळणे घेऊनच आल्या होत्या. ते मावले, तेव्हा त्यांनी विचारलं, “आणि पेणहून गणपती आणायचा तर? तो मांडीवर बसतो हं आमच्याकडे, डिकीत नाही.” अबोलीवहिनी सात महिन्यांचं पोट सांभाळत मागे आडव्या झाल्या, पाय ताणून म्हणाल्या, “भाऊजी, मी आता इथेच राहते.” लांब गाडी ठरली. आतून ती तिघांनी तीनदा मोजली.

जूनच्या शेवटी डिलिव्हरी झाली. हार, नारळ, चाकांखाली लिंबं. स्मिताकाकूंनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, मी फोटो काढले, गाडी गेली. मी खुर्चीत बसून स्वतःला समजावत होते की गाडी विकली, विषय संपला, गिऱ्हाईक परत फक्त सर्व्हिसिंगला येतं.

तासाभरात फोन वाजला.

“गाडी आत जात नाहीये,” आशुतोष म्हणाला.

मी स्कूटीवरून धावले. नेरूळमधली त्यांची सोसायटी जुनी, पार्किंग इमारतीच्या खाली. पुढे खांब, मागे टाकीची भिंत. गाडीचं नाक खांबाला टेकलं होतं आणि शेपूट हातभर बाहेर, नेमकं येण्याजाण्याच्या वाटेत. सेक्रेटरी बाबासो मोरे हाताची घडी घालून उभे.

“फायर ब्रिगेडचा रस्ता आहे हा. इथे नाही चालायची. काय हो मॅडम, विकताना विचारत नाही का तुम्ही, लावणार कुठे म्हणून?”

अकरा प्रश्न! माणसं किती, सामान किती, चढ किती, पाठ कोणाची दुखते... आणि गाडी लावणार कुठे, हे मी विचारलंच नव्हतं. का विचारलं नव्हतं तेही मला माहीत होतं. त्या सगळ्या दिवसांत माझं लक्ष एका चष्म्याकडे होतं. काकूंनी नारळाचे तुकडे परत पिशवीत भरले, तेच जास्त लागलं. स्वस्तिक अजून ओलं होतं. माझे डोळे भरून आले.

“आमच्या अंगणात लावा,” मी म्हणून गेले. “चूक माझी आहे. तुमची दुसरी सोय होईपर्यंत आमच्याकडे लावा.”

आशुतोषने तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं. तोंड मिटलं.

मग म्हणाला, “रोज यावं लागेल का? म्हणजे... गाडी बघायला?”

“म्हणजे काय! नवी गाडी आहे. रोज सकाळी दहा मिनिटं सुरू ठेवावी लागते.”

या वाक्याबद्दल मी नंतर बोलेन.

पप्पांनी गाडीला एक फेरी मारली.

“कोनाची गारी?”

“गिऱ्हाईकाची. माझी चूक झाली, पप्पा. दोन-तीन महिने फक्त. करंजाड्याला त्यांचा मोठा फ्लॅट होतोय, तिथे मोकळं पार्किंग आहे.”

“चूक तुजी, न् आंगन माजा?” त्यांनी आणखी एक फेरी मारली. “लय लांब हाय.” एवढंच बोलून ते आत गेले. पप्पांच्या भाषेत याला होकार म्हणतात.

जुलै सुरू झाला. रोज सकाळी सातला छत्री घेऊन तो यायचा. पावण्याच्या रस्त्यावर पावसात पाणी भरतं म्हणून कामाला तो कंपनीच्या बसने जायचा, गाडी इथेच राहायची आणि तिची दुसरी किल्ली माझ्याकडे. पहिल्याच आठवड्यात आमच्या तांबड्या कोंबडीने गाडीखाली संसार थाटला. गाडी सुरू करण्याआधी तिला उठवावं लागे. मी झाडू घेऊन एका बाजूने, तो ओणवा होऊन दुसऱ्या बाजूने.

“बाई, उठा. ऑफिसला उशीर होतोय.”

“तिला बाई म्हणता? मला तर अजून मॅडम म्हणता.”

“तुमची भीती वाटते. ती चोचच मारते फक्त.”

मग मला रोज सकाळी मेसेज यायला लागले. कोंबडी उठली? मी लिहायचे, उठली, वाट बघतेय. हे कोंबडीबद्दलच आहे असं आम्ही दोघांनी ठरवलेलं होतं. माझी आई, सखू तिचं नाव, त्याच्या हातावर गरम तांदळाची भाकरी आणि सुका जवळा ठेवायची. तो ओट्यावर उकिडवा बसून खायचा, पावसाचे थेंब चष्म्यावर, एक डोळा गाडीवर, दुसरा... जाऊ दे. गाडी बिचारी घुर्रर्र करत उभी. दहा मिनिटांची वीस व्हायची. शेजारच्या राहीबाई भिंतीवरून डोकावून एकदा म्हणाल्याच, “रंजे, गारी इकलीस का गारीवाला घेतलास गो?”

मी त्यांच्यावर डोळे वटारले आणि दिवसभर गालातल्या गालात हसत राहिले. मला तो आवडला होता. साधं आहे. सात वाजायच्या आधी मी केस विंचरत होते, आणि रविवारी तो आला नाही तर भाकरी कडक लागत होती.

ऑगस्टच्या सुरुवातीला एका सकाळी त्याने भाकरी अर्धीच खाल्ली.

“करंजाड्याचा ताबा मिळतोय. सप्टेंबरच्या शेवटी,” तो म्हणाला. “पार्किंग मोकळं आहे.”

“अरे वा. अभिनंदन.”

“हो ना.”

“कोंबडीला सांगायला हवं.”

“तुम्ही सांगा... मला नाही जमायचं.”

मी आत जाऊन चहात दोनदा साखर घातली. गाडी गेली की तो येणार कशाला? आमच्यात बोलणं म्हणून काही झालंच नव्हतं. आणि मी तरी कुठल्या तोंडाने बोलणार होते? माझ्या चुकीमुळे ज्या माणसाला रोज पावसात गाडीपाशी यावं लागतं, त्यालाच वर सांगू, की मला तुम्ही आवडता? शोरूममध्ये मॅनेजरने सगळ्यांसमोर मला त्या चुकीवरून ऐकवलं होतं. मी माझ्या प्रश्नांत बारावा प्रश्न पेनाने लिहून घातला होता. तो दिसला की मी लगेच पान उलटायचे.

बारा ऑगस्टला माझी सुट्टी होती. दुपारी तीनला फोन आला. धो धो पाऊस.

“वहिनींना कळा सुरू झाल्यात. मी पावण्यात अडकलोय, पाणी भरलंय, तासभर तरी लागेल. रिक्षा मिळत नाहीये. किल्ली तुझ्याकडे आहे... रंजिता, तू जाशील?”

त्या दिवशी तो मला पहिल्यांदा ‘तू’ म्हणाला. लक्षात घ्यायलाही वेळ नव्हता. मी कोंबडी हाकलली आणि निघाले.

रस्ता पाइपलाइनसाठी खोदलेला, वर गुडघाभर पाणी आणि खाली चिखल. एक रिक्षा रुतून बसली होती, ड्रायव्हर टपावर चढून फोन करत होता. मी गाडी कडेच्या मातीच्या ढिगावरून घातली. मागचं एक चाक फिरलं, नुसतंच फिरलं... मग बाकीच्यांनी ओढलं. नंदकुमारकाका शेजारी बसून देवीचं नाव घेत होते. मागे अबोलीवहिनी आडव्या, डोकं काकूंच्या मांडीवर.

“पाच फूट सहा,” त्या कण्हता कण्हता म्हणाल्या. “भाऊजींनी... बरोबर मोजलं हो.”

“वहिनी, बोलू नका, श्वास घ्या!”

“घेतेय गं बाई. तू समोर बघ.”

हॉस्पिटलात त्यांना आत नेलं, नर्सने फाइल मागितली. काकू म्हणाल्या, गाडीच्या पुढच्या कप्प्यात आहे. मी धावले. फाइल ओढली तशी तिच्याबरोबर छोटी डायरी बाहेर आली, खाली पडली आणि उघडली. दुसऱ्याची डायरी वाचू नये, हे मला माहीत आहे. पण त्या पानावर माझ्या गाडीचे आकडे होते.

*११ मे. लांब गाडी. आत ५ फूट ६ इंच. बाहेर ४.८० मीटर. आपलं पार्किंग ४.३०. बसत नाही. तरी हीच योग्य.*

खाली, *२० जून. सेक्टर सहा, मोकळी जागा, १ तारखेपासून. बोललो.*

ही ओळ खोडलेली. तिच्याखाली डिलिव्हरीची तारीख आणि एकच शब्द. *शिरवणे.*

मी फाइल दिली आणि बाकावर बसून राहिले. पाचच्या सुमाराला नर्स बाहेर आली, दोन मुली, तिघी छान. काका रडले, काकूंनी मला मिठी मारली. साडेपाचला आशुतोष आला, डोक्यापासून पायापर्यंत निथळत.

“अभिनंदन,” मी म्हटलं. “काका झालात. बाहेर चार-ऐंशी.”

तो जागच्या जागी थांबला. माझ्या हातातली डायरी त्याने पाहिली.

“पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुम्हाला.”

“हो.”

“दुसरी जागासुद्धा बघून ठेवली होती.”

“हो. घरच्यांना संध्याकाळी सांगणार होतो. बाबांनी तोवर गाडी हौसेने आत घातली, अडकली, म्हणून तुला फोन केला... खरं म्हणजे फोन करायची पण गरज नव्हती. मला तू यायला हवी होतीस. आणि तू आलीस, तुझे डोळे भरले, तू म्हणालीस आमच्या अंगणात लावा. मला वाटलं, उद्या सांगतो. उद्या आलो तर तू झाडू घेऊन कोंबडी शोधत होतीस.”

“आणि मग?”

“मग रोज वाटलं, उद्या सांगतो.”

“दीड महिना मी स्वतःला मूर्ख समजतेय! शोरूममध्ये मान खाली घालून उभी राहिले मी. तुमच्या आईच्या डोळ्याला डोळा देत नव्हते. तुम्हाला मजा वाटत होती?”

“मजा नाही,” तो म्हणाला. आवाज इतका बारीक झाला होता की मला पुढे झुकावं लागलं. “चूक होती. ह्याला माफी नाही.”

“नाहीच.”

किल्ली त्याच्या ओल्या हातावर ठेवून मी पावसात चालत घरी आले.

बारा दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. मेसेज नाहीत. सकाळी सातला मी मुद्दाम मोरीत असायचे. तो यायचा, कोंबडी स्वतःच उठवायचा, गाडी सुरू करून दहा मिनिटं आत बसायचा, बंद करून जायचा. आईने भाकरी दिली तर हात जोडून नको म्हणायचा. मला वाटलं होतं राग जाईल तसं हलकं वाटेल, पण रागाबरोबर भूकही गेली होती.

बाराव्या दिवशी पप्पा ओट्यावर चहा पीत होते. मी दाराआडून बघत होते.

“दहा मिंटं बसतो,” पप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले. “समोर बघतो, जातो. रोज सुरू कराला त्याला कोन बोलला?”

“...मी.”

“टेम्पोवाल्याची पोर तू. नवी गारी आठ दिस बंद ठेवली तर काय व्हतं?”

मी दाराची कडी चाचपली.

“काय व्हतं, सांग ना.”

“काही नाही होत,” मी म्हटलं.

पप्पांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि उठून मागच्या दाराने गेले. जाताना त्यांचे खांदे जरा हलल्यासारखे वाटले.

आता त्या वाक्याबद्दल. होय, ती थाप होती. नव्या गाडीला रोज दहा मिनिटं सुरू ठेवावं लागत नाही, हे मी झोपेतसुद्धा सांगू शकते. त्याने एक गोष्ट लपवली, मी एक रचून सांगितली, आणि रागवायचा मान तेवढा मी एकटीने घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सातला मी केस विंचरले, बाहेर गेले, गाडीचं दुसरं दार उघडलं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले. वायपर चालू होते. पाऊस भुरभुरत होता. तो स्टिअरिंगकडे बघत होता.

“एक प्रश्न राहिला होता,” मी म्हटलं. “बारावा. गाडी कुठे लावणार?”

“करंजाडे.” त्याने खिशातली टेप चाचपली. “साडेपाच मीटर. जाऊन मोजून आलो.”

“बाहेरून?”

“बाहेरून.”

“मग इथे यायचं काही कारण उरत नाही.”

“नाही... म्हणजे, एक उरतं.”

“बोला.”

“मला गाडी नसली तरी यायचंय.”

वायपर एकदा गेले, एकदा आले. मला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि मी दोन्ही होऊ दिलं.

“तुम्ही मला आवडता,” मी म्हटलं. “मोज्याला भोक होतं त्या दिवसापासून. आणि माझीही एक चूक आहे. नवी गाडी रोज सुरू करायची काही गरज नसते. मी थाप मारली होती.”

“माहितीय,” तो म्हणाला.

“माहितीय?”

“मॅन्युअल वाचलं मी. पहिल्याच रात्री. सगळं.” त्याने चष्मा काढला. तो पुसायचं सोडून तसाच हातात धरून बसला. “तू असं का सांगितलंस त्याचा विचार करत होतो. दोन महिने. उत्तर बरोबर आलं की नाही, तपासायची हिंमत होत नव्हती.”

“क्वालिटीत काम करता ना तुम्ही?”

“व्हॉल्व्ह सोपे असतात, रंजिता.”

मी त्याच्या हातातून चष्मा घेतला, ओढणीच्या टोकाने पुसला आणि त्याच्या दोन्ही कानांवर नीट बसवला. गाडीखालून कोंबडी ओरडली. इंजिन चालूच होतं, आणि तिला उठवायचं आम्ही विसरलो होतो.

सव्वा महिना झाल्यावर काकूंनी मला पोलादपूरला बोलावलं. “दादाची सीट डिसेंबरपर्यंत रिकामी आहे, आणि त्या चढावर गाडी तूच चढवायचीस,” त्या म्हणाल्या. पप्पांना मी गिऱ्हाईकाचं काम आहे म्हणून सांगितलं. “लाल मातीत ब्रेक मारू नको,” एवढंच ते बोलले. चढावर फणस आला तेव्हा गाडीत कोणी श्वास घेत नव्हतं. आशुतोष मागच्या रांगेत दोन पाळण्यांच्या मधे बसला होता, दोन्ही हातांनी दोन्ही पाळणे धरून. चाक एकदा घसरलं, गाडी क्षणभर अडली... आणि चढली. वर देवळाच्या पायरीशी मी गाडी थांबवली तेव्हा काकांनी खाली उतरून, पाठ सरळ करून, आधी गाडीला हात जोडले आणि मग देवीला.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी गाडी करंजाड्याला गेली. तांबडी कोंबडी सकाळभर अंगणात गोल गोल फिरत होती. मीही साधारण तेच करत होते. पप्पांना अजून काही सांगितलं नव्हतं. आमच्या घरात आजवर आगऱ्यांच्या बाहेर लग्न झालेलं नाही, आणि पप्पांच्या तोंडून होकार कसा निघतो हे मला गाड्यांपुरतंच माहीत होतं.

चार दिवसांनी संध्याकाळी दारात बाबासो मोरे. तेच, सेक्रेटरी.

“पंढरीशेठ,” ते ओट्याच्या कडेला बसत पप्पांना म्हणाले, “त्या लोकांची गाडी गेली म्हणे. मी पण नवीन घेतलीय. मोठी. आणि आता... आमच्या पार्किंगमध्ये जरा... शेपूट बाहेर राहतंय. ही जागा रिकामी आहे तर—”

मी आतून कान देऊन उभी होते.

“रिकामी नाय,” पप्पा म्हणाले.

“अहो, दिसतेय की मोकळी.”

“दिसते. पन भरलेली हाय.” पप्पांनी अंगणाकडे पाहिलं, मग दाराकडे, जिथे मी उभी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. “उद्या लेक माहेरी येल, तवा जावई ती लांब गारी कुटं लावल?”

बाबासोंना काही कळलं नाही. आईला कळलं, तिने पदर डोळ्याला लावला.

मी फोन घेतला. दोनदा चुकीचं लिहिलं, पुसलं. मग आशुतोषला पाठवलं, “रविवारी आई-बाबांना घेऊन ये. सगळेच या. गाडीनेच या, जागा आहे.”